पत्रा, इंजिन आणि जुन्या मोटारीची ओळख

उत्साही : प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीत दुसऱ्या मोटारीचे इंजिन बसवणे म्हणजे तिच्या मूळ रूपाचा घात करणे, असा जो समज रूढ आहे, तो या मोटारींच्या इतिहासाशीच जुळत नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात 1964 पासून जी फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली आणि 1974 पासून जी पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिच्या इटलीतील आवृत्तीत 1221 सीसीचे इंजिन होते, तर भारतीय आवृत्तीत 1089 सीसीचे. पुढे त्याच पद्मिनीच्या कवचात 1366 सीसीचे डिझेल इंजिन बसवून 137 डी ही आवृत्ती विकली गेली. याच कंपनीने 1985 साली आणलेल्या 118 एनई या मोटारीचे कवच फियाट 124च्या कुळातले होते आणि इंजिन मात्र निस्सानचे, 1171 सीसीचे. हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या ॲम्बॅसिडरला 1990च्या दशकात इसुझूचे इंजिन दिले, आणि महिंद्राच्या जीपमध्ये विलिसच्या पेट्रोल इंजिनाची जागा कालांतराने ट्रॅक्टरच्या कुळातील आणि प्यूजोच्या बनावटीच्या डिझेल इंजिनांनी घेतली. कवच जुने ठेवायचे आणि आतले यंत्र काळानुसार बदलायचे, हीच जर भारतीय मोटारउद्योगाची अनेक दशकांची रीत असेल, तर एखाद्या मालकाने तीच रीत आपल्या गाडीपुरती पुढे नेली, यात मोटारीच्या इतिहासाशी विसंगत असे काय आहे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवे.

साशंक : कारखान्याने केलेला बदल आणि कार्यशाळेत केलेला बदल यांना एकाच मापाने मोजता येत नाही, कारण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा त्या इंजिनाभोवतीची सगळी रचना पुन्हा तपासतो, तर कार्यशाळेत बहुधा इंजिन बदलले जाते आणि बाकीच्या रचनेने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा ठेवली जाते. इंजिन ही सुटी वस्तू नसून एका साखळीचा पहिला दुवा आहे. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याची ताकद, क्लचमधून गिअरबॉक्सकडे, तेथून गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टकडे आणि शेवटी डिफरन्शियलमधून मागच्या चाकांकडे जातो. पद्मिनीची ही सारी साखळी चाळीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद असलेल्या इंजिनासाठी आखलेली आहे. तिची चारही चाके ड्रम ब्रेकने थांबतात, आणि हे ब्रेक सतत वापराने तापले की त्यांची पकड सैल होत जाते. चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी 80 किलोमीटरऐवजी 110 किलोमीटर वेगाने जाणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकना जवळपास 1.9 पट ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागते. दुसरी गोष्ट अशी, की आपण सांगितलेले कारखान्यांचे बहुतेक बदल परवाना-नियंत्रित अर्थव्यवस्थेच्या चौकटीतून आले. नवे कवच विकसित करणे परवडत नव्हते, म्हणून जुन्या कवचात नवे यंत्र बसवले गेले. अडचणीच्या काळातील तडजोडीला परंपरेचे नाव देऊन आजच्या हौसेचे समर्थन करणे तर्काला धरून होत नाही.

उत्साही : साखळीचा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे, परंतु त्यातून इंजिन बदलू नये असे निघत नाही, तर कोणते इंजिन बदलावे आणि त्याबरोबर आणखी काय काय बदलावे एवढेच निघते. पद्मिनीचे इंजिन गाडीच्या लांबीला समांतर बसते आणि मागची चाके फिरवते. मारुतीच्या एस्टीमसारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे बसवलेले असतात. ते तसेच उचलून पद्मिनीत बसवायचे तर गाडीचा पुढचा सगळा सांगाडा कापावा लागेल. मात्र 118 एनईचे इंजिन मुळातच लांबीच्या दिशेने बसणारे आणि मागच्या चाकांसाठी बनवलेले आहे. त्याचप्रमाणे एस्टीमच्या इंजिनाचे जे भावंड मारुतीच्याच जिप्सीत आहे, तेही लांबीच्याच दिशेने बसवलेले आहे. शिवाय जिप्सीत चारही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी असल्याने तिचा गिअरबॉक्स स्वतंत्रपणे वापरता येतो. त्या इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार वाढत नाही. मेकॅनिक ज्याला फाउंडेशन म्हणतात ते इंजिन पेलणारे रबरी आधार नव्या जागी घ्यावे लागतील, तळाचा ऑइल चेंबर आडव्या दांड्याला अडणार नाही हे पाहावे लागेल, प्रॉपेलर शाफ्ट योग्य लांबीचा करून तो पुन्हा संतुलित करून घ्यावा लागेल, रेडिएटर मोठा लागेल आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक द्यावे लागतील. ही यादी मोठी असली, तरी तिच्यातले प्रत्येक काम करता येण्याजोगे आहे. पेट्रोल फवारणारी इंजेक्शन यंत्रणा घ्यायची असेल, तर कार्ब्युरेटरला पुरणाऱ्या दाबाच्या कित्येक पट दाब देणारा विजेवरचा पंप, टाकीकडे परतणारी नळी आणि इंजिनाचे नियंत्रण करणारे संगणकीय एकक त्याच्या संपूर्ण वायरिंगसह घ्यावे लागते, एवढी त्यात भर.

या साऱ्या खटाटोपामागे कारणही आहे. मूळ इंजिन ज्या पेट्रोलसाठी घडवले गेले ते पेट्रोल आता मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली देशभर बंद झाले. त्यातले शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये पातळ थर धरून झीज रोखत असे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे मऊ करून फाडते. परिस्थिती बदलली असताना यंत्र मात्र तेच ठेवण्याचा आग्रह धरला, तर गाडी हळूहळू रस्त्यावरून हटते आणि आच्छादनाखाली जाते.

साशंक : इंधनाचा युक्तिवाद ऐकताना भक्कम वाटतो, परंतु तो इंजिन बदलण्याच्या बाजूने नसून इंजिन दुरुस्त करण्याच्या बाजूने आहे. व्हॉल्व्हच्या बैठका झिजत असतील तर हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवता येतात. इथेनॉलने नळ्या फुगत असतील तर ते सहन करणाऱ्या रबराच्या नळ्या घालता येतात. मिश्रण पातळ पडत असेल तर कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारी बारीक छिद्राची चकती, बदलता येते. या तिन्ही कामांत मोटारीची मूळ रचना अबाधित राहते. सिलिंडर झिजला तर बोरिंग करून थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन घालण्याची सोय या इंजिनांच्या रचनेतच आहे. दुरुस्तीची इतकी दारे उघडी असताना संपूर्ण इंजिन बदलण्याची निवड केली जाते, तेव्हा तिच्यामागचे कारण बहुधा अधिक वेगाची ओढ हे असते. ते कारण उघडपणे सांगितले तर त्यावर चर्चा होऊ शकते, इंधनाच्या आडून मांडले तर नाही.

त्याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. इंजिनाच्या चर्चेत ज्याच्यावर हे इंजिन टेकणार आहे तो पत्रा विसरला जातो. पद्मिनीची रचना मोनोकॉक आहे, म्हणजे ट्रक किंवा जीपप्रमाणे तिला वेगळा जाड सांगाडा नाही. साधारण मिलिमीटरभर जाडीचे पत्रे दुमडून, पेट्यांसारखे पोकळ करून आणि ठिकठिकाणी डागून जे कवच तयार होते, तेच सारा भार वाहते. दरवाजाखालची पोकळ पट्टी, म्हणजे सिल, तळाचा पत्रा, मागचे कमानपाटे जेथे अडकतात ते कोपरे आणि पुढे इंजिन पेलणारे दोन दांडे यांच्यावर गाडीची ताठरता अवलंबून असते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नेमकी हीच ठिकाणे प्रथम सडतात. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. हवेतील मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि ही रासायनिक प्रक्रिया वेग घेते. चिखल साचलेल्या कोपऱ्यात किंवा दोन पत्र्यांच्या सांध्यात प्राणवायू कमी पोहोचतो. तेथील धातू आणि बाहेरचा उघडा धातू यांच्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झाकलेला भाग झिजत जातो. म्हणून बाहेरून तकतकीत दिसणारा पत्रा आतून पोखरलेला असू शकतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, सांधे फाकवतो आणि सच्छिद्र असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडप्रमाणे खालच्या धातूचे रक्षणही करत नाही. अशा कवचात अधिक टॉर्कचे इंजिन बसवले, की प्रत्येक वेळी क्लच सोडताना त्याचा पीळ फाउंडेशनमधून थेट त्या सडक्या दांड्यांवर येतो.

उत्साही : येथे दोन्ही बाजूंचे मत एक आहे, आणि ते स्पष्टपणे नोंदवले पाहिजे : गंजाची दुरुस्ती आधी आणि इंजिनाचा विचार नंतर, हा क्रम मोडणारा माणूस गाडीचा शत्रू आहे. किंबहुना इंजिन उतरवण्याचा खरा लाभ हाच, की एरवी कधीच न दिसणारे पुढचे दांडे, आगभिंत, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला पडदा, आणि बॅटरीच्या आम्लाने खाल्लेला तिच्या खालचा पत्रा त्या वेळी उघडा पडतो. मात्र दुरुस्ती म्हणून जे आज सर्रास केले जाते, तेही तपासले पाहिजे. सडलेल्या भोकावर पत्र्याचा पॅच मारायचा, वरून लांबी, म्हणजे डेंटिंगच्या कामात खळगे भरण्याचा लगदा, थापायची, घासून रंग द्यायचा आणि गाडी नवी झाली असे म्हणायचे, ही दुरुस्ती नसून झाकपाक आहे, कारण लांबी भार वाहत नाही आणि तिच्याखाली ओल धरून गंज वाढतच राहतो. चुंबक जेथे पत्र्याला चिकटत नाही तेथे लांबीचा जाड थर आहे, हे पारखण्याची सोपी रीत खरेदीदारांना ठाऊक असते, ती याच अनुभवामुळे. खऱ्या दुरुस्तीत निरोगी धातू लागेपर्यंत पत्रा कापावा लागतो. सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या वेल्ड करून तिची मापे धरून ठेवावी लागतात, नाहीतर आधार सुटताच कवच मधोमध वाकते आणि पुढे दरवाजे कधीच नीट बसत नाहीत. गॅस वेल्डिंगची उष्णता मोठ्या भागात पसरते आणि पातळ पत्रा थंड होताना आक्रसून वेडावाकडा होतो. म्हणून कारखान्यात जेथे पत्रे डागलेले होते तेथे कार्यशाळेत ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात त्याने, थोड्या थोड्या अंतरावर, मध्ये थंड होऊ देत टाके घालावे लागतात. त्यानंतर सांध्यांत जस्तयुक्त प्रायमर, उघड्या धातूवर इपॉक्सी, पोकळ पेट्यांत पातळ मेणाचा फवारा, आणि कारखान्याने ठेवलेली पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मोकळी, एवढे झाले म्हणजे काम पुरे झाले.

आता या वर्णनावरून एक प्रश्न अटळपणे निर्माण होतो. दोन्ही सिल, तळाचा पत्रा, चाकांच्या कमानी आणि पुढच्या दांड्यांचे तुकडे बदलल्यावर मूळ कवचातला केवढा भाग उरला? मोनोकॉक मोटारीत कवच हीच मोटार असेल, तर गंजाच्या दुरुस्तीत मोटारीचा जितका मूळ धातू कायमचा जातो, तितका इंजिन बदलण्यात जात नाही. कारण इंजिन मोजक्या बोल्टांनी बसवलेले असते, आणि ते ज्या वाटेने उतरले त्याच वाटेने परत चढू शकते. तरीही पहिल्या कामाला जीर्णोद्धार म्हणून गौरवले जाते आणि दुसऱ्याला विटंबना म्हणून हिणवले जाते. या भेदाचा पाया काय?

साशंक : हा आक्षेप जतनाच्या भूमिकेला खोलवर लागतो, म्हणून त्याचे उत्तर सवंगपणे देता येणार नाही. एक उत्तर असे, की नवा सिल जुन्या सिलच्याच आकाराचा, त्याच जाडीचा आणि तेच काम करणारा असतो. द्रव्य बदलते, पण रचना तीच राहते. दुसरे इंजिन मात्र वेगळ्या रचनेचे असते. त्याने गाडीचा आवाज, वेग धरण्याची रीत, गिअर टाकण्याची पद्धत, सारे बदलते, आणि पद्मिनीच्या सुकाणूच्या दांड्यावरील गिअरचा दांडा जाऊन तो जमिनीवर येतो. देवळाचा निखळलेला दगड त्याच घडणीच्या दगडाने बदलणे आणि त्याच्या जागी सिमेंटचा खांब उभारणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. परंतु हे उत्तर अपुरे आहे हेही कबूल केले पाहिजे, कारण ते ओळखीचा आधार द्रव्यात न ठेवता आकारात ठेवते. आणि मग उद्या संपूर्ण कवच नव्या पत्र्यातून घडवले तरी ती 1974चीच गाडी मानावी लागेल.

म्हणून अधिक भक्कम कसोटी शोधावी लागते, आणि ती जागतिक पातळीवर जुन्या वाहनांच्या संघटनांनी मांडलेली आहे. स्मारकांच्या जतनासाठी 1964 साली स्वीकारलेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012 साली ट्युरिन सनद संमत केली. बदल अपरिहार्य असेल तर तो मूळ रचनेवर आक्रमण न करणारा आणि उलटवता येण्याजोगा असावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबतच सांभाळावेत, अशी तिची अपेक्षा आहे. या कसोटीने गंजाची दुरुस्ती न्याय्य ठरते, कारण तिने काढलेला धातू आधीच नष्ट झालेला होता. तेथे गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. इंजिनाची अदलाबदल मात्र सुस्थितीतील मूळ वस्तू बाजूला काढते. ती बोल्टांनी बसते हे खरे; पण व्यवहारात आगभिंतीत भोके पडतात, गिअरबॉक्ससाठी तळातला उंचवटा कापून रुंद केला जातो, आडवा दांडा अर्धगोलाकार छाटला जातो, आणि उतरवलेले मूळ इंजिन जागा अडवते म्हणून काही महिन्यांत भंगारात जाते. उलटवता येण्याची शक्यता कागदावर उरते, गाडीत उरत नाही.

उत्साही : म्हणजे आक्षेप इंजिन बदलण्यावर नसून ते कसे बदलले जाते यावर आहे, असे म्हणता येईल. एकही मूळ पत्रा न कापता, केवळ बोल्टांनी बसणारे वेगळे आडवे आधार तयार करून नवे इंजिन बसवले, मूळ इंजिन तेल भरून, तोंडे बंद करून, गाडीसोबत नोंदवून ठेवले, आणि प्रत्येक बदलाचा फोटो व मापांसह दस्तऐवज केला, तर आपण सांगितलेल्या सनदेचा हेतू पाळला जातो. उलट, सिल बदलताना मूळ वेल्डच्या जागा, मूळ रंगाचे थर आणि कारखान्यातील हातांच्या खुणा कोणीही न नोंदवता घासून टाकतो, तेव्हा ‘मूळ रूपात आणलेली’ गाडी तिच्या इतिहासाबद्दल कमी सांगू लागते. तेव्हा भेद इंजिन आणि पत्रा यांच्यात नाही. तो उलटवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, नोंदलेल्या आणि न नोंदलेल्या हस्तक्षेपांत आहे.

साशंक : भेदाची ही मांडणी स्वीकारण्यासारखी आहे, मात्र कायदा ती स्वीकारत नाही, आणि नागरिकाला तो बाजूला ठेवता येत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असलेल्या मालकांना पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलू देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण तीही त्याच बनावटीच्या आणि प्रकारच्या इंजिनापुरती. आरसी बुकात इंजिनाचा आणि चासीचा, असे दोन्ही क्रमांक असतात. इंजिनाचा क्रमांक जुळत नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो, आणि त्यात जखमी झालेल्या तिऱ्हाइताच्या वाट्यालाही न्यायालयाचे हेलपाटे येऊ शकतात. शिवाय 2021 साली केंद्राने पुरातन वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत 50 वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, कवच किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहनच पात्र ठरते. 1974च्या पद्मिनीने 2024 साली ही सीमा ओलांडली. म्हणजे हौसेने बदललेले इंजिन तिला नेमक्या त्याच वेळी अपात्र ठरवू शकते, जेव्हा तिचे ऐतिहासिक मूल्य मान्य होऊ लागले आहे.

उत्साही : कायद्याचे पालन झालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, परंतु कायद्याचे तर्कशास्त्र तपासण्याचा अधिकार नागरिकाला आहे. त्याच कलम 52 मध्ये सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त संच बसवून इंजिनात बदल करण्यास सशर्त वाव आहे. म्हणजे मान्यताप्राप्त संच असेल तर पद्मिनीचे इंजिन काढून तिच्यात विजेची मोटर आणि बॅटरी बसवण्याची वाट मोकळी आहे, पण तिच्याच कंपनीच्या 118 एनईचे, तिच्याच इंधनावर चालणारे इंजिन बसवण्याची वाट बंद आहे. पहिल्या बदलाने मूळ रूप अधिक दुरावते, तरीही त्याला वाट आहे, कारण तेथे संच प्रमाणित करणारी व्यवस्था उभी राहिली आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे इंजिन, ब्रेक आणि उत्सर्जन तपासण्याची सारी क्षमता असताना, एकेका वाहनाच्या बदलाची तपासणी करून परवानगी देणारी वाट आखता येणार नाही असे नाही. पुरातन वाहनांच्या नियमांतही एक अडचण आहे, ती आपल्या भूमिकेला सोयीची नाही. कवचातील फेरबदलही तेथे अपात्रतेचे कारण आहे. मग किनाऱ्यावर 50 वर्षे काढलेल्या आणि म्हणून सिल व तळ बदलाव्या लागलेल्या गाडीचे काय? त्या नियमाचा शब्दशः अर्थ घेतला, तर गंजू दिलेली गाडी मूळ आणि वाचवलेली गाडी बदललेली ठरते.

साशंक : या शेवटच्या मुद्द्यावर नियमाचे समर्थन करता येत नाही, झीज भरून काढणारी दुरुस्ती आणि रचना बदलणारा फेरबदल यांत त्याने फरक करायला हवा. एकेका वाहनाच्या तपासणीची वाट निघाली तर तिचेही स्वागतच होईल. पण त्यानंतरही एक गोष्ट शिल्लक राहते. नव्या इंजिनाच्या बाजूने दिलेला प्रत्येक युक्तिवाद गाडी वापरात राहावी, या इच्छेतून येतो. ती इच्छा योग्य आहे. पण जुनी मोटार ही वापराची वस्तू असतानाच एका काळाची साक्षही असते. 1089 सीसीचे ते इंजिन चढावर कुठे दमते, कोणत्या वेगाला थरथरते, रस्त्याने त्याला किती वेळ दिला, या गोष्टींतून एका पिढीचा प्रवास कसा होता हे कळते. कोणत्याही दस्तऐवजात ते उतरत नाही. तेलात बुडवून ठेवलेले इंजिन ही साक्ष देत नाही.

उत्साही : आणि न चालणारी गाडीही ती साक्ष देत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली होती, आणि 20 वर्षांची वयोमर्यादा संपून ती ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली. त्या ताफ्यातल्या हजारो गाड्यांनी सीएनजीचे संच, बदललेली इंजिने, पॅच मारलेले तळ आणि पुन्हा पुन्हा दिलेले रंग घेऊनच आपले आयुष्य काढले. शहराच्या स्मृतीत जी पद्मिनी आहे, ती कारखान्यातून निघालेली नसून ही सतत बदलत राहिलेली पद्मिनी आहे. मूळ रूपाची साक्ष जपायची, तर वापराची साक्ष का जपू नये? बदल हाच जिचा इतिहास आहे, तिला एका सालात गोठवणे हीदेखील एक प्रकारची विकृती आहे.

साशंक : टॅक्सीचालकाने पोटासाठी केलेले बदल इतिहासाचा भाग झाले, कारण ते त्या काळाच्या गरजेतून आले; आजचा बदल आजच्या आवडीतून येतो. दोन्ही बदल आहेत म्हणून दोन्ही सारखेच साक्षीला पात्र आहेत असे ठरत नाही. तरीही आजची आवड उद्याचा इतिहास ठरणार नाही असे छातीठोकपणे सांगण्याचा आधार जतनाच्या भूमिकेजवळ नाही, हेही खरे. तेव्हा निदान संख्येचा विचार व्हावा. ज्या प्रकारच्या गाड्या अजून शेकड्यांनी उरल्या आहेत, त्यांतील काहींवर उलटवता येण्याजोगे प्रयोग झाले तर साक्ष पुसली जात नाही. पण एखादी गाडी तिच्या आवृत्तीतील मोजक्यांपैकी असेल, आणि 137 डी सारख्या आवृत्तीबाबत ही वेळ येऊ शकते, तर तिच्या मालकाचा निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. कोणती गाडी मोजक्यांपैकी आहे हे कोण ठरवणार, याला मात्र आपल्याकडे आज उत्तर नाही, कारण अशा गाड्यांची त्या दृष्टीने केलेली सार्वजनिक नोंदवही नाही.

उत्साही : मग वाद येथे येऊन थांबतो : सडलेला धातू बदलावा यात मतभेद नाही, चांगला धातू कापू नये यातही नाही, काढलेले ठेवावे आणि केलेले नोंदवावे यातही नाही. मतभेद उरतो तो चालू स्थितीतील मूळ इंजिनाबाबत. त्याला उतरवून गाडीला आणखी तीस वर्षे रस्ता मिळत असेल, तर तो सौदा करावा, असे एक बाजू म्हणते. मात्र गाडी ज्या कवचात आणि ज्या ब्रेकवर चालणार आहे ते आधी सिद्ध झालेले नसेल, तर ही बाजू आपला दावा मागे घेईल.

साशंक : आणि दुसरी बाजू म्हणते की मूळ इंजिन दुरुस्त होण्याजोगे असेपर्यंत तो सौदा करू नये. परंतु दुरुस्तीचे भाग मिळेनासे झाल्यामुळे गाडी कायमची उभी राहणार असेल, तर तिलाही आपला नकार मागे घ्यावा लागेल. दोन्ही अटी प्रामाणिकपणे पाळायच्या, तर निर्णय तत्त्वावरून होणार नाही. तो त्या एका गाडीचा पत्रा ठोकून, तिचे हेड उतरवून आणि तिच्या आवृत्तीच्या उरलेल्या गाड्या मोजूनच करावा लागेल. ही तपासणी करण्याआधी इंजिनाची किंमत विचारणारा मालक आणि ही तपासणी न करताच मूळ रूपाचा आग्रह धरणारा टीकाकार, दोघेही त्या गाडीविषयी सारखेच अनभिज्ञ आहेत. तपासणी झाल्यानंतर वापर आणि साक्ष यांत कशाचे पारडे जड मानायचे, हा प्रश्न उरतोच. आणि तो मालकाच्या मर्जीवर सोडायचा की समाजाच्या वारशाचा मानायचा, यावर अद्याप एकमत झालेले नाही.